दगडाखालचे बोअर

आमचा मोठा भाऊ महारुद्र विज्ञानाचा तत्त्वज्ञ हाय. म्हंजे नेमकं काय करतो, ते झरीत कुणालाच ठाव न्हाई, अन् टीव्हीवर त्याला शिव्या देणाऱ्यांनाबी ठाव न्हाई. तीस वर्षं त्यानं शहरातल्या विद्यापीठात एकच गोष्ट शिकवली: काय झालं तर आपण चुकलो, हे ज्याला आधी सांगता येत न्हाई, त्यानं ज्ञानाच्या गप्पा हाणू नयेत. सोता मात्र उभ्या जन्मात एकदाबी चुकला न्हाई. वहिनीला इचारा.

तीन वर्षांमागं त्यानं पुस्तक लिहिलं. आमच्याकडं तळहातावर नारळ धरून जमिनीतलं पाणी सांगणाऱ्याला पाणाड्या म्हणतेत. गावातल्या बन्सीधर पाणाड्यानं दावलेल्या एकेचाळीस बोअरपैकी अडतीस चालू हायत, अन् मशीन घेऊन आलेल्या सरकारी सायबांचे निम्मेच, असा त्यात एक तक्ता होता. दादानं लिहिलं, नारळात देव न्हाई, पण चाळीस वर्षं जमीन तुडवलेल्या माणसाजवळ ज्ञान हाय, सायबांनी ते शिकावं. बन्सीधरचे बोअर मोजले कुणी? मी. पहिल्या पानावर छापलंय, ‘मोजणी: भुजंग, मुक्काम झरी.’ ते पान मी फ्रेम करून बैठकीत लावलं.

झालं! विज्ञानवाले म्हणाले, हा बुवाबाजीचा वकील. धर्मवाले म्हणाले, नारळात देव न्हाई म्हणतो, हाकला ह्याला. दोघांचा एकच मोर्चा निघायचा, पण पुढं कोण चालणार ह्यावर फिस्कटलं. पुस्तक दोघांनीबी वाचलं नव्हतं. वाचत बसले असते तर एवढी माणसं कवा जमली असती? मग वरून फोन गेला अन् विद्यापीठानं दादाला घरी बसवलं. संगं एक माफीनामा टाइप करून धाडला. ‘मी भावना दुखावल्या, पुस्तक मागे घेतो.’ सोमवारपर्यंत सही कर अन् खुर्चीवर बस, न्हाईतर बडतर्फ. लय मायाळू माणसं!

“मरन, पण सही करणार न्हाई,” म्हणत दादा गावाकडं आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या तुरीत हिंडताना त्याच्या अंगठ्याला दगडाची ठेच लागली.

“हे काय रे?”

“आपला जुना बोअर. बन्सीधरनं दावलेला. फेल गेला.”

दादा तिथंच खाली बसला. “हा एकेचाळीसात हाय का?”

आता ह्याला शिकलेला म्हणावं का काय! आमच्याकडं फेल गेलेला बोअर त्याच दिवशी दगडानं झाकतेत अन् पुन्हा त्याचं नाव काढत न्हाईत. नाव काढलं की पुढचाबी फेल जातो. “त्याला कोण मोजतंय?” मी म्हणलं. “मी घरोघर इचारलं, लोकांनी पाणी लागून पूजा झालेले बोअर सांगितले. त्यातले तीन मागून आटले, तेबी तुला लिहून दिले की.”

“सायबांची यादी मी हापिसातून आणली होती,” दादा हळूच म्हणाला. “तिच्यात फेल गेलेलेबी लिहिलेले होते.”

मग दोन दिवस आमी दगडं मोजत फिरलो. बन्सीधरच संगं आला. सत्तरीचा माणूस, पण एकेक दगड त्याला पाठ. “मला कुणी इचारलंच न्हाई,” म्हणाला. सदतीस दगडं निघाली. म्हंजे अठ्ठ्याहत्तरात अडतीस. बन्सीधरचेबी निम्मेच, सायबांइतकेच.

मला रडूच आलं. दादाचं नाव माझ्या मोजणीवर उभं होतं. म्हणलं, “दादा, गप ऱ्हा. दगडं कुणाला दिसतेत? आता चुकलो म्हणलास तर लोक म्हणतील, खुर्चीसाठी वाकला.”

“म्हणू दे. मी चुकलो, भुजंग.”

वहिनीला तिथूनच फोन लावावा वाटला, पण ती वेळ नव्हती.

सोमवारी मीबी त्याच्या संगं गेलो. दादानं आपलं पत्र समितीपुढं ठेवलं. तक्ता चुकलाय, तो मागं घेतो, खरे आकडे हे, असं त्यात होतं.

“तक्ता? कसला तक्ता?” अध्यक्ष म्हणाले.

समितीतल्या पाचांनी एकमेकांकडं पाहिलं. पुस्तकात तक्ता हाय, हे एकालाबी ठाव नव्हतं! अध्यक्षांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. “चूक मान्य आहे ना सर? मग इथे सही करा.”

“ही चूक मी केलेली नाही. केली ती लिहून दिलीय.”

त्याच्या सदतीस दगडांशी कुणाला काय देणंघेणं! दहा मिनिटांत तीस वर्षं संपली. चहा मात्र दिला त्यांनी.

परत येताना यष्टीत मी त्याच्या पत्राची नक्कल वाचली. खाली लिहिलं होतं, ‘मोजणी मी स्वतः केली. चूक माझ्या एकट्याची.’

“दादा, हे खोटं हाय.”

“तपासायचं काम माझं होतं.”

“मग तसं लिहायचं. मोजणी माझी होती.”

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “तुला त्या गावात ऱ्हायचंय.”

जन्मभर खऱ्याचा हट्ट धरून बसलेला माणूस, अन् पहिलं खोटं बोलला ते माझ्यापायी. परभणी येईस्तोवर मला त्याच्याकडं बघवलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरची फ्रेम उतरवली, चुन्याचा डबा घेतला अन् तुरीत गेलो. दगडावर ठळक लिहिलं: ‘बोअर फेल. मोजायचा राहिला. भुजंग.’ दादा शेजारी उभा होता. त्यानं डबा धरला.

माझी बायको शिवकन्या बांधावरून ओरडायली, “अवं, नाव काढू नगा त्याचं! पुढचाबी फेल जाईल!”

“जाऊ दे,” मी म्हणलं. “तोबी मोजू.”