टायपिंगची चूक

"ताई, इथं एक सही करा, बस. बाकीचं मी बघतो," असं म्हणून निहारने दोन कागद विनयापुढे सरकवले.

पहिला कागद तिच्या कंत्राटाच्या मुदतवाढीचा अर्ज होता. त्यावर विभागप्रमुख म्हणून निहारची सही व्हायची होती. दुसऱ्या कागदावर एकच वाक्य होतं, आणि ते वाचून विनयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'मसुद्यात ३२०ऐवजी ३५० हा आकडा माझ्याकडून चुकून टाइप झाला.'

चूक म्हणे. सोळा वर्षं ही बाई दिल्लीतल्या या विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर, कूलरच्या घरघरीत बसून जिनिव्हाजवळच्या यंत्रातल्या प्रोटॉनांच्या टकरी तपासत होती. टकरीनंतर ऊर्जेचा मेळ बसला नाही, तर यंत्राला न दिसणारं काहीतरी निसटलं असण्याची शक्यता. ते काहीतरी सुपरसिमेट्रीचा कण असू शकतं. माहीत असलेल्या प्रत्येक कणाला म्हणे एक जड जोडीदार असावा. किती ऊर्जा हरवली की टक्कर जमेस धरायची, तो आकडा आधी ठरवायचा, जिनिव्हाच्या समितीकडून मंजूर करून घ्यायचा आणि मगच शेवटची माहिती उघडायची. एकदा बघितलं की आकड्याला हात लावायचा नाही, नाहीतर ज्याला जे हवं ते सापडत राहील.

ठरला होता तीनशे पन्नास. सोमवारी माहिती उघडली. नवा कण नसला तरी चार टकरी मिळायला हव्या होत्या, त्या पाच मिळाल्या. म्हणजे नवीन काही नाही. मंगळवारी निहारने एकट्याने बसून आकडा तीनशे वीसवर आणला, तर सहाच्या जागी चौदा. साहेब हवेत गेले.

"चौदा, ताई. जरा समजून घ्या. टीव्हीवाले दारात येतील."

"तीनशे वीस तू बघितल्यावर ठरवलंस."

"ते आपल्या दोघांनाच माहीत आहे ना."

हा लातूरहून आला तेव्हा साधा प्रोग्रामही त्याला धड लिहिता येत नव्हता. विनयाने त्याला शेजारी बसवून शिकवलं, दर रविवारी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये जेवू घातलं. बघितल्यावर आकडा बदलायचा नाही, हेही तिनेच शिकवलेलं. आणि आता त्याच तोंडाने तो तिच्या चोख कामाला चूक म्हणत होता, वर गोड बोलून तिचीच सही मागत होता. विचार करते, एवढंच सांगून ती उठली.

घरी नवऱ्याने, सूर्यकांतने, सगळं ऐकून घेतलं. मंत्रालयात उभी हयात गेलेला माणूस, त्याला यात रागावण्यासारखं काही दिसेना.

"पन्नाशीला तुला दुसरीकडे कोण घेणार? टायपिंग मिस्टेकच तर आहे, यार. आम्ही ऑफिसात रोज करतो."

"झालेली चूक मी शंभरदा कबूल करीन," विनया म्हणाली. "न झालेली एकदाही नाही."

त्या रात्री ती जेवली नाही, इतका संताप आला होता तिला. निहारचा तर आलाच होता, पण 'मिस्टेकच तर आहे' म्हणणाऱ्या या शहाण्या माणसाचा थोडा जास्त.

दुसऱ्या दिवशी तिने त्या वाक्यावर काट मारली, खाली 'आकडा ३५० हाच बरोबर आहे' असं लिहून सही केली आणि तो कागद निहारच्या टेबलावर ठेवला. प्रत समितीला सकाळीच पाठवली होती. आता तीनशे वीसचं नावही कुणी काढू शकणार नव्हतं. निहारने कागद वाचला. मुदतवाढीचा अर्ज खणात ठेवून दिला.

"फिर आपकी मर्ज़ी, मैडम," तो म्हणाला.

पंधरा वर्षांत तो तिच्याशी हिंदीत कधी बोलला नव्हता. हिंदी बाहेरच्यांसाठी होती. अर्ज खणात गेला त्यापेक्षा हे तिला जास्त लागलं.

मार्चच्या शेवटच्या दिवशी कंत्राट संपलं, दुपारीच तिने ओळखपत्र जमा केलं. शिपायाने दार उघडून दिलं, म्हणून पुन्हा आत येता आलं. शोधनिबंध पाठवायचा राहिला होता. अपेक्षित चार, मिळाल्या पाच, नवा कण आढळला नाही. तिने पहिल्या पानापासून प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून तो दोनदा वाचला आणि मग पाठवला.