फटफटीचे जादा दिवे

रंगनाथच्या फटफटीला जादा दिवे बसणार ही बातमी गावभर झाली, तेव्हा सगळ्यात जास्त हरखायला पाहिजे होती त्याची बायको. पण चांगुणा काही हरखली नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते तोंडातून काढायची तिची छाती नव्हती.

रंगनाथ साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होता. कुणाचा ऊस कधी तोडायचा त्याच्या चिठ्ठ्या वाटायच्या, फडावर नजर ठेवायची. त्यासाठी कारखान्यानं गाडी दिलेली. गावात तेवढी एकच फटफटी, मग माणूस भाव खाणारच. पण दिवस कलला की त्याचा भाव उतरायचा. मागच्या महिन्यात ऐन तिन्हीसांजेला त्यानं सरळ वाटेवरून गाडी पाटाच्या चारीत घातली. चारी काही उठून वाटेत आली नव्हती. पण दोष सगळा दिव्याला. लढाईत ब्लॅकआउट होता, तेव्हा अर्ध्या काचेला काळा रंग फासला होता, तो म्हणे नीट निघालाच नाही. मग काच राखेनं घासून झाली. बल्ब बदलून झाला. तो नको म्हणून दुसरा घालून झाला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

तेव्हापासून संध्याकाळी कुठं जायचं झालं की चांगुणा मागं बसायची. तिनं डावा खांदा दाबला की तो डावीकडं घ्यायचा, उजवा दाबला की उजवीकडं, दोन्ही दाबले की थांबायचा. हे दोघांनी कधी ठरवलं नव्हतं, त्यावर कधी अवाक्षरही झालं नव्हतं. पाणवठ्यावर बायका चेष्टा करायच्या, "चांगुणीला नवऱ्याबिगर घडीभर करमत न्हाई गं, कशी बिलगून बसती फटफटीवर!" ती हसून घागर उचलायची. रडण्यापेक्षा ते सोपं होतं.

त्या घरात एक जुना नेम होता. दिवेलागण झाली की घरातल्या गड्यानं उंबरा ओलांडायचा नाही, भैरोबाची आण. रंगनाथच्या आज्यानं तो पाळला, बापानं पाळला. लोक त्यांना देवमाणसं समजायचे, वाटेत गाठून पाया पडायचे. हा नेम मोडणारा रंगनाथच पहिला, तोही नोकरीपायी. गाडी चारीत गेली तेव्हा गावानं काय ते ओळखलं: भैरोबा कोपला. चांगुणाही तेच धरून बसली असती. पण दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता सासू, छबूबाई, आपणहून बोलली.

"नेम कसला न् काय गं. आमच्या मामंजींना दिसत नव्हतं. तुझ्या सासऱ्यालाबी नव्हतं. दिस बुडला की ठार आंधार."

"मग कुठं दावलं न्हाई?"

"दावलं की. मोठ्या दवाखान्यात नेलं हुतं. डाक्टरानं हात टेकले. म्हनला, हे रगतातनं आलंय, वाढतच जानार. शेवटाला दिवसाबी दिसंना झालं." म्हातारीनं तव्यावरची भाकरी उलटली. "घरातलं दुखनं देवाच्या नावावर घातलं, म्हनून अब्रूनं जगलो. तूबी तसंच घाल."

घालायला चांगुणाची ना नव्हती. पण कारखान्याचा साहेब भैरोबाला थोडाच विचारणार होता? येत्या सोमवारपासून त्यानं रंगनाथची पाळी संध्याकाळची लावली. दिवस मावळताना फडावर जायचं, ऊस भरून शेवटची गाडी हलेपर्यंत फिरत राहायचं. जमत नसेल तर सांग, फटफटी दुसऱ्याला देतो, एवढं साहेब हसत हसत म्हणाला होता. आता सगळ्या तोडकऱ्यांच्या देखत बायकोला मागं बसवून फडावर जाणार कसा? म्हणून हे दिवे.

शनिवारी दोघं श्रीगोंद्याला फक्रुद्दीन मिस्त्रीकडं गेले. फक्रुद्दीननं नगरहून लष्कराच्या लिलावातले, जुन्या जीपचे दोन दिवे आणून ठेवले होते. त्यानं हँडलखाली लोखंडी पट्टी ठोकली, तिच्यावर दोन्ही बाजूंना दिवे आवळले, बॅटरीपासून वेगळी वायर ओढली आणि हँडलवर बटण बसवलं. रंगनाथ दुपारभर तिथंच उभा, घटकेघटकेला दिव्यांवरून हात फिरवत होता. उन्हात त्याला सगळं दिसत होतं. त्याचा फुललेला चेहरा बघून चांगुणाच्याही मनात पाल चुकचुकायची थांबली. कोण जाणे, लष्कराचे दिवे आहेत, असतील तेवढे जबर. वेडी आशा, पण आशाच ती.

काम उरकेपर्यंत दिवस बुडाला. रंगनाथनं चाकापुढं नारळ फोडला, चांगुणानं दिव्यांना हळदकुंकू लावलं, आणि फक्रुद्दीननं बिस्मिल्ला म्हणून शेवटचा स्क्रू आवळला.

"दाबा रंगनाथराव, बटण दाबा."

रंगनाथ ऐटीत गाडीवर बसला, किक मारली आणि बटण दाबलं. टक्क आवाज झाला. दिवे काही लागले नाहीत. कुठंतरी वायर सुटली असणार म्हणून फक्रुद्दीन पक्कड घेऊन खाली वाकला.

"वा फक्रूभाई!" रंगनाथ समोर बघत मोठ्यानं म्हणाला. "काय लख्ख उजेड पाडलास गड्या! वाटंवरची मुंगीसुदिक दिसाया लागली!"

फक्रुद्दीनचा हात तिथंच थांबला. त्यानं मान वर करून चांगुणाकडं बघितलं. तिनं तोंडाला पदर लावला. बिचाऱ्यानं वायर चाचपली, टोक जोडलं, आणि दोन्ही दिवे भसकन पेटले. समोरचं लिंबाचं झाड, हौद, हौदाकाठी बसलेलं कुत्रं, सगळं उजळून निघालं. कुत्रं डोळे मिचकावून उठून गेलं. रंगनाथची पापणीसुद्धा लवली नाही.

"बस गं मागं," तो म्हणाला. "आज खांद्याला हात लावायचं काम न्हाई."

चांगुणा बसली नाही. सोमवारी तो या दिव्यांच्या भरवशावर एकटाच फडावर गेला असता, आज गप्प राहून भागणार नव्हतं. गाडीवर मागं बसण्यापलीकडं चारचौघांत नवऱ्याला कधी शिवली नव्हती, पण पुढं होऊन तिनं त्याच्या हँडलवरच्या हातावर हात ठेवला.

"अहो, दिवं आत्ता लागलं. तुमी बोललासा तवा लागलं नव्हतं."

इंजिन धडधडत होतं. मग रंगनाथनं अगदी हळू विचारलं, "उजेड हाय का गं चांगला?"

"लई हाय," ती म्हणाली. "लई."

त्यानं बोटांनी चाचपून बटण शोधलं आणि बंद केलं.

"मग ऱ्हाऊ दे. बॅटरी उतरंल."