आत वळवलेली नळी

दिनकररावांनी पेडगावात नवं घर बांधलं, तेव्हा सगळं मनासारखं झालं; घोडं अडलं ते फक्त न्हाणीतल्या गॅस गिझरच्या नळीपाशी. गिझरचा जळका वाफारा बाहेर टाकणारी ही नळी काढायची कुठल्या बाजूला? मिस्त्री म्हणाला, "वर छताच्या पार न्या, मोकळ्यावर." दिनकरराव म्हणाले, "नव्या स्लॅबला भोक पाडू? पावसाळ्यात गळंल की." अंगणाकडं काढावी, तर तिथं तुळस. तुळशीवर जळका वास सोडायचा नाही, असं चतुराबाईंनी, त्यांच्या बायकोनं, बजावलं. राहिला बोळ. बोळापलीकडं चुलतभावाचं, किशनरावांचं घर होतं. माणूस देवाला भितो, पावसाला भितो. भाऊबंदाला कशाला भिईल? नळी बोळात निघाली.

नळीच्या बरोब्बर समोर किशनरावांची खिडकी होती आणि खिडकीशी त्यांच्या आईची, कस्तुराबाईची बाज. म्हातारीला जुना दमा. सकाळी गिझर फुरफुरला की तो गरम, कोंदट वास आत यायचा आणि म्हातारी खोकून खोकून निळी पडायची. खिडकी लावली तर आणखी घुसमटायची. शेवटी ती स्वतः येऊन हात जोडून म्हणाली, "दिनकर, तेवढी नळी वर घे बाबा. लय तरास व्हायलाय."

"काकू, गॅसला कुठं धूर असतो? तुमचा दमा माझ्या घराच्या आधीचा हाय."

दमा आधीचा होता हे खरंच होतं, म्हणून ते जास्त लागलं. मग किशनराव बोळात येऊन भांडले, दिनकरराव भांडले, मेलेल्या बापांची नावं निघाली, बांध निघाला, विहीर निघाली. "तुमाला आमचा वास नको ना?" दिनकरराव म्हणाले. "आता आमचा वारा बी तुमच्याकडं येणार न्हाई." आपल्याकडं माणूस रागात जितक्या झटपट बांधकाम करतो, तितक्या झटपट शहाणपणानं कधी करत नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गवंडी बोलावून भिंतीतलं भोक सिमेंटनं बुजवलं आणि नळीचं तोंड न्हाणीतच वळवून ठेवलं. मिस्त्रीला विचारलंसुद्धा नाही.

त्याच हिवाळ्यात त्यांची एकुलती लेक राजेश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगी झाली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून चतुराबाईंनी न्हाणीच्या झरोक्यात पोतं कोंबलं. "न्हाणी कशी ऊबदार ऱ्हायलीय बघ," असं त्या कौतुकानं म्हणायच्या. सुरुवातीला न्हाऊ घालायला बाई यायची, तिची ये-जा असायची म्हणून दार उघडं राहायचं. सव्वा महिना सरला तशी राजेश्री आपली आपण, दार लावून न्हाऊ लागली. न्हाऊन आलं की डोकं जड होतं, असं ती एकदा म्हणाली. बाळंतिणीचं डोकं जडच असतं, असं सगळ्या बायकांनी तिला सांगितलं.

भांडणानंतर दोन्ही घरांतलं जाणं-येणं तुटलं होतं, पण बोळ अरुंद होता आणि कस्तुराबाईचे कान शाबूत होते. राजेश्री न्हाताना काहीतरी गुणगुणायची. लहानपणी म्हातारीच्याच मांडीवर वाढलेली पोर ती. तो आवाज ऐकला की म्हातारीला बरं वाटायचं.

एका सकाळी गुणगुणणं मध्येच थांबलं. काहीतरी धपकन पडलं. गिझरचा आवाज मात्र चालूच राहिला.

"किशन," म्हातारी म्हणाली, "पोरगी गप झाली रं. जरा बघ की जाऊन."

"तिचा बाप हाय की तिकडं. आपुन कामून जायचं?"

म्हातारी स्वतःच उठली. भिंत धरत, थांबत, बोळ ओलांडून ती दिनकररावांच्या ओसरीवर पोचली, तेव्हा तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. तिनं न्हाणीकडं हात केला.

दिनकररावांनी पेपर खाली ठेवला. "आता काय ऱ्हायलं, काकू? नळी तर आत घेतली. तरी बी तुमचा खोकला आमच्यामुळंच का?"

तिनं मान हलवली. पुन्हा हात केला.

"इस्वास न्हाई? चला, दावतो."

त्यांनी तिचा दंड धरला आणि तिला हळूहळू चालवत परत बोळात आणलं. बुजवलेल्या भोकावर बोटांनी टकटक केलं. "बघा. मुंगी तरी जाईल का ह्याच्यातून?" म्हातारी दोन्ही मुठींनी भिंत बडवू लागली. दिनकररावांना वाटलं, म्हातारपणी राग आवरत नाही. ते समजावतच राहिले. नळीचं, दम्याचं, किशनच्या तोंडाचं, सगळं त्यांनी बोलून घेतलं. घरात तान्ही रडू लागली. "राजे, आवर माय, पोरगी भुकेली," असं चतुराबाई म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या. मग त्या दार ठोकू लागल्या.

दार फोडलं. जीपनं परभणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, जळलेल्या गॅसमधल्या विषाला वास नसतो, कोंडलेल्या खोलीत ते माणसाला उठूही देत नाही. आणि म्हणाले, थोडं आधी बाहेर काढलं असतं तर वाचली असती.

ते शेवटचं वाक्य दिनकररावांच्या डोक्यातून जाईना. जेवण तुटलं, झोप तुटली. तेराव्याचे दिवस झाल्यावर एका दुपारी ते किशनरावांच्या घरात आले आणि म्हातारीच्या बाजेपाशी खालीच बसले. किशनराव दाराशी उभे राहिले.

"काकू, त्या दिशी तुमी काय सांगायला आलता?"

म्हातारीनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांची गालफडं बसली होती. हा माणूस काय विचारतोय हे तिला नीट कळलं. खरं सांगितलं तर तो उद्याचा दिवस बघणार नाही, हेही कळलं.

"नळीचंच की बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, पुन्हा वास यायलाय."

दिनकररावांनी कितीतरी दिवसांनी छातीभर श्वास घेतला. "मला वाटलंच," ते पुटपुटले. मग हळूहळू त्यांचा चेहरा आवळत गेला. "तुमीच नळी आत घ्यायला लावली, काकू. तुमच्या खोकल्यापायी माझी लेक गेली."

किशनराव तावातावानं पुढं झाले. म्हातारीनं त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"व्हय बाबा," ती म्हणाली. "माझ्याच पायी."