शंभराव्या वस्तूची कैफियत

मी एक जुना घुंगरांचा पट्टा आहे. बैलाच्या गळ्यात बांधतात, तो. पाच पितळी घुंगरं, त्यातलं एक चेपलेलं, आणि कातड्याला दोन भेगा. वय विचाराल तर दोन वर्षं पाच महिने. हसू नका. मला जुनाच जन्माला घातलं आहे.

मित्रांनो, मी हातात धरता येईल असा पट्टा नाही. मी एका खेळात राहतो. टीव्हीला जोडून खेळतात तसला खेळ, ज्यात मोठा मुलूख असतो आणि तुमचा माणूस त्यात मन मानेल तिकडे भटकतो. आमच्या खेळाचं नाव 'हरवला किनारा'. त्यात समुद्र आहे, किल्ला आहे, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि दिघीहून आगरदांड्याला जाते तसली एक फेरीबोटही आहे. या मुलखात शंभर वस्तू लपवल्या आहेत. दहा सापडल्या की टोपी मिळते, पन्नास सापडल्या की घोडा. शंभरावी वस्तू मात्र जगात सगळ्यांत आधी ज्याला सापडेल, त्याला उडती होडी मिळणार आणि त्याचं नाव किल्ल्याच्या दरवाजावर कोरलं जाणार. ती शंभरावी वस्तू म्हणजे अस्मादिक.

मला घडवलं मृणालीनं. ती तळा गावची. तिच्या घरच्या बैलाच्या गळ्यात असाच पट्टा होता, म्हणून चेपलेलं घुंगरूसुद्धा तिनं आठवणीनं चेपलं. माझ्यासाठी तिनं अकरा दिवस घेतले. कंपनीचा मालक केतन म्हणाला, "अगं, एवढ्या वेळात लोक अख्खा बैल काढतात." तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अशी माणसं होती म्हणून मी आज असा दिसतो.

मग लपवायची वेळ आली. अडकित्ता विहिरीच्या तळाशी गेला, समई बुरुजावर गेली, शंख धक्क्याखाली गेला. मला कुठं ठेवलं माहीत आहे? एका वाडीतल्या घरात, माजघराच्या दारामागे, खुंटीवर. दार आत उघडतं आणि भिंतीला जाऊन टेकतं. दार आणि भिंत यांच्या मध्ये मी.

केतन म्हणाला, "हा तर पहिल्याच दिवशी सापडेल." खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. शंभरावी वस्तू आणि दारामागे! अडकित्ता विहिरीत बसून मिरवणार आणि मी पहिल्या तासात कुणाच्या तरी पिशवीत जाणार. मला फार वाईट वाटलं होतं.

वाईट वाटायची काही गरज नव्हती. मित्रांनो, खेळणारा माणूस दार उघडत नाही, तो दारावर धडकतो. दार भिंतीवर आदळतं, मध्ये माझा भुगा होतो आणि माझी पाचही घुंगरं 'खुळ्ळुम्' वाजतात. आवाज ऐकला म्हणजे तो मागे वळून बघेल की नाही? छे. तो पुढे धावतो. मी एकाच वेळी हजारो जणांच्या खेळात असतो, आणि ते कसं हे मृणालीला विचारा. पण हजारो घरांत, हजारो दारांमागे, माझं नशीब सारखंच.

त्यांतले दोघे तर माझ्या कायमचे लक्षात आहेत. अल्पेश आणि प्रज्योत, उरणकडचे चुलतभाऊ. घरचे ट्रक आहेत. ट्रक रिकामा होईपर्यंत दोघे आपापल्या घरून खेळायचे आणि खेळताना माईकवर मोठमोठ्यानं बोलायचे. मी दारामागे, त्यामुळे मला दिसत काही नाही. पण ऐकू सगळं येतं.

"प्रज्या, आयकलंस का? घुंगरू वाजला."

"व्हय. विहिरीत हाय काय तरी."

ते विहिरीत एकेचाळीस वेळा उडी मारून आले. मग छपरावर चढले. मग कौलं फोडली. शेवटी त्यांनी शोध लावला की या घरात हडळ राहते आणि ती पायात घुंगरं बांधून फिरते. त्याचा त्यांनी व्हिडिओ काढला आणि सत्तर हजार लोकांनी तो पाहिला. मी बैलाच्या गळ्यातला दागिना, आणि मला नेऊन बांधलं हडळीच्या पायात. हा अपमान मी अजून विसरलेलो नाही.

बाकीच्या नव्याण्णव जणांना माणसांनी कधीच शोधून काढलं. लोक नव्याण्णव टक्क्यांवर अडकून बसले आणि शिव्या देऊ लागले. मला मात्र दुसरंच दुःख होतं. आमच्या खेळात एक मोकाट बैल आहे. तो रोज दुपारी त्या घराच्या अंगणातून जायचा. पाय वाजायचे, शेपटी वाजायची, गळा मात्र मुका. मित्रांनो, गळ्यात घालायचा पट्टा म्हणून माझा जन्म झाला आणि आयुष्यात बैल आलाच नाही. हे सांगताना मला आजही भरून येतं.

एके दिवशी केतन आणि मृणाली खेळ तपासायला त्या घरात आले. केतन म्हणाला, "लोक म्हणतात खेळ बिघडलाय. रविवारी संध्याकाळी शंभरावी वस्तू काढून टाक. नव्याण्णवालाच पूर्ण म्हणू."

"काढून म्हणजे?" मृणालीनं विचारलं.

"पुसून टाक."

"कुठे आहे ते लोकांना सांगू या का?"

"सांगितल्यावर शोध कसला उरला?"

जाताना दोघंही दार उघडंच टाकून गेले. निदान मृणालीनं तरी... पण जाऊ दे. काळजीत माणसाला दाराची आठवण राहत नाही.

रविवारला चार दिवस होते. त्याच आठवड्यात आमच्या खेळात अनुसूयाबाई आल्या. किहीमच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, सहा आठवडे वाडीत पाऊल टाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. घरात बसून जीव जायला लागला म्हणून त्यांच्या लेकीनं, अनुयानं, हा खेळ जोडून दिला आणि डोक्याला माईकवाला हेडफोन अडकवून दिला. तो बंद कसा करायचा हे सांगायला ती विसरली. म्हणून मला किहीमचं सगळं घर ऐकू यायचं.

बाईंना वस्तूबिस्तू शोधायच्या नव्हत्या. त्या फिरायला आल्या होत्या. फेरीबोटीला रांग दिसली तर त्या रांगेत उभ्या राहायच्या. दुसऱ्याच्या वाडीतून जाताना "जरा जाते हो इथून" म्हणायच्या. चार दिवसांत त्यांना चार वस्तू सापडल्या, त्याही पायात आल्या म्हणून. आणि दर पाच मिनिटांनी त्या ओटीच्या दिशेनं ओरडायच्या, "अहो, फाटक लावलंत का?"

तिकडून त्यांचे यजमान विश्वंभरराव म्हणायचे, "लावलं गं."

कारण गेल्याच महिन्यात शेजारच्या धर्माचा बैल वाडीत शिरून पोफळीची बारा रोपं खाऊन गेला होता. बाईंना रोपांचं दुःख गुडघ्यापेक्षा जास्त होतं.

रविवार उजाडला. दुपारचे साडेचार झाले. मी मनातल्या मनात एकेका घुंगराचा निरोप घेत होतो. इतक्यात अंगणात पावलं वाजली. दोन माणसाची, हळू. मागून चार बैलाची.

"अगोबाई, हा आला वाटतं मागून," अनुसूयाबाईंचा आवाज आला.

दार उघडलं. मित्रांनो, दार आदळलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा माझं नाक शाबूत राहिलं. बाई आत आल्या, चार पावलं गेल्या आणि थांबल्या.

"उघडं ठेवलं तर हा आत शिरेल," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि मागे वळल्या.

दार लावायचं बटण आमच्या खेळात पहिल्यापासून आहे. जे बटण उघडायला, तेच लावायला. आजवर लावायला ते कुणी दाबलं नव्हतं इतकंच. दार भिंतीपासून सुटलं आणि माझ्यावर उजेड पडला. मला रडू येत होतं, पण मला डोळे काढलेले नाहीत.

"अहो," बाई म्हणाल्या, "इथे दारामागे घुंगरांचा पट्टा आहे."

"असणारच," ओटीवरून विश्वंभरराव म्हणाले. "दुसरीकडे कुठे टांगतात?"

बाईंनी मला खुंटीवरून काढलं. त्याबरोबर आभाळात फटाके फुटले, ढोल वाजले, अंगणात उडती होडी उतरली आणि किल्ल्याच्या दरवाजावर 'अनुसूया, किहीम' अशी अक्षरं उमटली. बाई घाबरून म्हणाल्या, "माझ्या हातून काही बिघडलं का?"

मग त्यांनी होडीला वळसा घातला, सरळ बैलाकडे गेल्या आणि मला त्याच्या गळ्यात बांधलं. असं करता येतं हे केतनलाही ठाऊक नव्हतं. मृणालीनं त्या अकरा दिवसांत तेवढं गुपचूप करून ठेवलं होतं.

"आता कुठे शिरलास ते कळेल तरी," बाई बैलाला म्हणाल्या.

बैल चालायला लागला आणि मी वाजलो. कुणी चेपलं म्हणून नाही, बैल चालला म्हणून. माझ्या जन्माचं सार्थक झालं, मित्रांनो, याहून वेगळ्या शब्दांत मला ते सांगता येत नाही.

त्याच वेळी किहीमच्या घरात विश्वंभररावांचा आवाज आला. तो जरा बारीक झाला होता. "अगं, धर्माचा बैल आलाय वाडीत."

"फाटक लावलं होतंत ना?"

"ओढलं होतं."

मग बाई शांतपणे म्हणाल्या, "उद्या बाजारातून दोन पट्टे आणा. एक धर्माच्या बैलाला." दुसरा कुणाला, हे विश्वंभररावांनी विचारलं नाही.

पुसायचा हुकूम केतननं त्याच संध्याकाळी मागे घेतला. अल्पेश आणि प्रज्योत यांनी नवा व्हिडिओ काढला, त्यात दोघे नुसते एकमेकांकडे बघत बसले आहेत म्हणे. आता रोज हजारो माणसं त्या घरात येतात, दार लावतात, मला नेऊन बैलाला बांधतात. आणि बाहेर पडताना? दार सताड उघडं.

म्हणून शेवटचं एकच मागणं आहे. मित्रांनो, कुठेही शिरलात तर मागे वळा आणि दार लावा. खजिना मिळेलच असं नाही, पण कुणाची तरी रोपं वाचतील. आणि नुसतं ओढू नका, कडी घाला. ओढलेल्या फाटकाचं काय होतं ते विश्वंभररावांना विचारा. ते हल्ली वाडीत कुठे आहेत, हे बाईंना बसल्या जागी ऐकू येतं.