भावासमोर

"आजपासून भावापुढे जीभ आवरायची, लेसिएली."

आईचा हा आवाज चाळीस वर्षांमागचा. पण बाळाचा लंगोट सोडताना तो पुन्हा कानाशी आला आणि लेसिएलीने आधी खिडकीबाहेर पाहिलं. लिसिआते, तिचा धाकटा भाऊ आणि बाळाचा बाप, नीरफणसाच्या झाडाखाली वॉर्डाकडे पाठ करून बसला होता. आत आत्या असली की बाप बाहेर. तो आत आला की ती दुसऱ्या दाराने निघून जाई.

लंगोट नुसताच ओला होता. ऑपरेशनला आज आठवा दिवस.

हापाई द्वीपसमूहातल्या त्यांच्या बेटावर सगळेच ही रीत पाळत. वयात आलेले बहीणभाऊ एका छपराखाली निजत नाहीत, एकमेकांसमोर थट्टा करत नाहीत, आणि पोटाखालच्या गोष्टींचा तर उच्चारही नाही. लेसिएलीने हा मान असा जपला होता, की लोक आपल्या मुलींना तिचं उदाहरण देत.

बाळ आजारी पडलं त्या सकाळीही तिने तो जपला. बाळ दोन दिवसांचं होतं. जन्मल्यापासून एकही लंगोट खराब झाला नव्हता, आणि पहाटे त्याने शेवाळासारखी हिरवी उलटी केली. लिसिआतेची बायको, बाळंतीण सेइनी, ग्लानीत होती. लिसिआते उंबऱ्यात उभा, होडी काढायच्या घाईत. लेसिएली एवढंच म्हणाली, की बाळाचं पोट बरं दिसत नाही. त्याने खोबरेल चोळायला सांगितलं आणि तो समुद्रावर गेला. दवाखाना पलीकडच्या बेटावर, आणि किनाऱ्यावर दुसरी होडी नव्हती. तो परतला तेव्हा ऊन कललं होतं आणि बाळाचं पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं. मग होडी, मग छोटं विमान, मग राजधानीतलं, नुकुआलोफाचं हे इस्पितळ.

त्या वाया गेलेल्या दिवसाबद्दल कुणी तिला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

डॉक्टर तोआकासे शेजारच्याच बेटावरची. मनगटं चटया विणणाऱ्या बाईची, बोलणं बाजारातलं. तिने कागदावर चित्र काढून दाखवलं होतं: वरचं आतडं अंगठ्याएवढं फुगलेलं, खालचं सुतळीएवढं, आणि मध्ये नुसती फट. आईच्या पोटातच जोडायचं राहून गेलंय, म्हणाली, ते मी जोडते. लिसिआतेच्या म्हाताऱ्या चुलत्याला हे पटेना. असली कामं न्यूझीलंडला होतात, तिकडे पाठवा, असं तो तीनतीनदा बजावत राहिला.

"काका, विमान येईल हो उद्या," तोआकासे म्हणाली. "हा थांबेल का उद्यापर्यंत?"

म्हाताऱ्याने दारातून वाट दिली. तीन तासांनी ती ऑपरेशन करून बाहेर आली, तेव्हा तिचे कपडे पाठीला चिकटले होते.

त्या दिवसापासून बाळाच्या नाकातून पोटात नळी आणि नळीच्या टोकाला बाटली. बाटलीतलं पाणी आधी शेवाळी, मग फिकट, मग नितळ झालं. आता राहिली एकच गोष्ट. जोडलेलं आतडं चालतंय, हे आतड्यानेच सांगायला हवं होतं. रोज सकाळी नर्स लंगोट सोडून बघे, मान हलवे आणि म्हणे, राजाच्या स्वारीचीसुद्धा एवढी वाट कुणी पाहिली नसेल. सेइनी हसायची आणि मग भिंतीकडे तोंड करायची.

दुपारी सेइनी बाळासाठी अंगावरचं दूध काढून ठेवायला गेली होती. तोआकासे आली, बाळाच्या पोटावर दोन बोटं ठेवून उभी राहिली. बाळाने पाय आखडले, तोंड लाल केलं, कण्हलं. तिने लंगोट सोडला.

काळपट हिरवी, चिकट, तळहाताएवढी.

 तोआकासेने नर्सला बोलावलं. नर्सने दुसरीला बोलावलं. पलीकडच्या वॉर्डातल्या दोघी हात पुसत आल्या. सगळ्याजणी त्या लंगोटाभोवती अशा उभ्या राहिल्या, जणू जाळ्यात कुणी न पाहिलेला मासा लागला असावा.

"अकरा वर्षं शिकले," तोआकासे म्हणाली, "ते हे बघायला."

तिचे डोळे भरले होते आणि ते कुणी पाहू नये म्हणून ती लंगोटावरच वाकली. मग नर्सला म्हणाली, जा, बापाला सांग.

"थांब," लेसिएली म्हणाली. "मी सांगते."

तोआकासेने मान वर केली. ती याच बेटांमधली, तिला हे सांगणं म्हणजे काय ते ठाऊक होतं.

"आत्या, तुम्ही? त्याला?"

लेसिएलीने कमरेला गुंडाळलेली मानाची चटई सारखी केली, पट्टा आवळला आणि ती झाडाकडे चालत गेली. मोठ्या बहिणीला येताना पाहून लिसिआते उठला, खाली मान घालून रीतीप्रमाणे बाजूला निघाला.

"जाऊ नकोस."

तो थांबला. तिच्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

"त्या सकाळी बाळाला शी झाली नव्हती," ती म्हणाली. "जन्मल्यापासूनच नव्हती. मला माहीत होतं. तू उंबऱ्यात उभा होतास, म्हणून मी ते बोलले नाही."

त्याचे कान लालबुंद झाले. वॉर्डाच्या खिडकीत चार पांढऱ्या टोप्या गोळा झाल्या होत्या. लेसिएलीने एक श्वास घेतला आणि चर्चमध्ये धडा वाचताना लागतो तशा स्वच्छ, मोठ्या आवाजात ती म्हणाली,

"आज झाली, लिसिआते. भरपूर झाली."