शोकेसमध्ये मावेल एवढी करवत

मित्रांनो, करवत म्हटली की तुम्हाला सुतार आठवेल. मी त्याच्याकडची नव्हे. मला मूठ नाही. माझ्यामागे चौदा फूट मासा होता. आता तिथे कोयनानगरातल्या धनाजीच्या घराची भिंत आहे.

मी करवतमाशाचं लांबलचक नाक. आम्ही पाकट या चपट्या माशाच्या नात्यातले, खाडीच्या चिखलाशी लगटून राहणारे. माझ्या कातडीला बारीक छिद्रं आहेत. गढूळ पाण्यात कोळंबी नुसती हलली, तरी तिच्या अंगातली इवलीशी वीज मला कळायची. शोधायचे मी, खायचं तोंड. नाव अर्थातच तोंडाचं व्हायचं.

आम्ही पाण्यात अंडी घालत नाही. पिल्लं जिवंत जन्मतात. आईला इजा होऊ नये म्हणून जन्मताना त्यांच्या करवतीवर मऊ म्यान असतं. १९९६च्या पावसाळ्यात आमची सात पिल्लं अशीच आली, वाशिष्ठीच्या खाडीत. गोडं नि खारं पाणी मिसळतं, तिथे ती पहिली काही वर्षं वाढतात.

पाऊस सरला आणि जाळं आलं. दुसरा मासा एखादवेळी निसटतो. मला दोन्ही कडांना दात. जितकी झटापट केली, तितकी गुंतले. मासा बाजारात गेला, मी धनाजीच्या हाती लागले.

धनाजी वीजघरात मेकॅनिक. मूळचा आटपाडीकडचा, मेंढरांमागे वाढलेला. चिपळूणला बहिणीकडे गेला होता, तेव्हा त्याने मला उचलून आणलं. कोयनानगरात जमीन अधूनमधून हलते. माणसं चहाचा कप उचलून धरतात, थांबलं की पितात. मी खिळ्यावर थरथरते. पण खरी भीती मला खंडेनवमीला कळली.

वीजघरात पाने, पकडी, हातोडे पूजेला मांडले होते. धनाजीने मला मधोमध ठेवलं.

"ह्ये कसलं हत्यार, गड्या?" गुंडा नावाच्या त्याच्या जोडीदाराने विचारलं.

"करवत हाय न्हवं? मग पुजायची."

हळदकुंकू झालं, झेंडूचा हार पडला. जन्मात एक ढलपी काढली नाही, आणि हा सत्कार! मी सुखावते न सुखावते तोच वीजघराचे सुमंतसाहेब वाकून बघू लागले.

"धनाजी, मलाही एक आण. एवढी मोठी नको. शोकेसमध्ये मावेल अशी बघ."

माझा दातन् दात गार पडला. शोकेसमध्ये मावेल एवढी करवत फक्त पिल्लाची असते.

"आणतो साहेब. ऐतवारी जातोच हाय," धनाजी म्हणाला.

रविवारी तो पिशवी घेऊन एस.टी.ने घाट उतरला. दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे ती पिशवी. सातांतलं कोणतं असेल? ओढ्याच्या तोंडाशी जाऊन बसणारं धाकटं? मला ओरडायचं होतं. पण तोंड तर केव्हाच बाजारात गेलं होतं.

दिवेलागणीला तो परतला. पिशवीतून पाणी गळत होतं.

"घावलं व्हय?" त्याच्या बायकोने, धोंडुबाईने विचारलं.

"बांगडं हायती." तो मटकन बसला. "पिल्लू आलं हुतं जाळ्यात. जित्तं. जाळंवाला नाक तोडाय कोयता घिऊन बसला, आन त्ये नुसतं बघत हुतं. काट्याच्या कुपाटीत आडकलेलं कोकरू बघतंय तसं. म्या म्हनलं, सोड. त्यो म्हनला, जाळं कापावं लागंल. म्हनलं, काप. म्या विणून दीन."

"आवं, तुमाला सदऱ्याचं बटन लावाय येत न्हाई!"

"शिकतो की."

"आन सायबाला काय सांगनार?"

"शोकेसमदी पितळंची गाडी ठिवा म्हनंन." मग तो हळूच म्हणाला, "त्यो म्हनला, यंदा येवढं एकच दिसलं."

माझा जीव भांड्यात पडला होता, तो तिथेच गोठला. एकच?

हल्ली धनाजी पडवीत दोरा घेऊन गाठी शिकतो. फार वाईट विणतो. पण मित्रांनो, जाळं वाईट का होईना, पुन्हा विणता येतं. आमच्या पिल्लाला आई व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. तेवढ्या काळात त्याला संपवायला एक जाळं पुरतं. म्हणून ते जाळ्यात दिसलं, तर जाळं कापा, नाक नको. आणि कोणाच्या शोकेसमध्ये छोटीशी करवत दिसली, तर तिचे दात मोजू नका. एवढंच विचारा, ही कुठली?

मला सहा जणांचा पत्ता हवा आहे.