न लागलेली वाळवी

घरमालकिणीचं पत्र आलं तेव्हा बाइंडर वाचनालयाच्या चाळीस पुस्तकांना खळ लावत बसला होता. हात चिकट, म्हणून बायकोनेच पाकीट फोडून वाचलं. मालकीण दूर कुठे नोकरीला होती. वरचा मजला तिचे काका गेल्यापासून रिकामाच आहे, आता सगळं घरच विकायचं ठरवलंय, एजंट येऊन भेटेल. तुम्हालाही घ्यायचं असेल तर त्याच्याकडे आकडा सांगा, महिनाअखेरीस आलेल्यांतून ठरवीन. बस्स, एवढंच.

अठरा वर्षं ती दोघं तळमजल्यावर भाड्याने राहत होती. पुढच्या खोलीत कटिंग मशीन, लाकडी प्रेस आणि पुठ्ठ्यांच्या थप्प्या. मागे एक खोली, स्वयंपाकघर, आणि त्यामागे दोन पायऱ्या उतरून हातभर अंगण. मूलबाळ नव्हतं. बायको दवाखान्याच्या चादरी शिवून द्यायची. साठवलेलं होतं थोडं, कर्जही मिळणार होतं, पण सगळं ओढूनताणून आकडा जेमतेम उंबरठ्यापर्यंत पोचत होता.

एजंट दुसऱ्या दिवशी आला. बारीक चणीचा, पन्नाशीचा, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणारा माणूस. आकडा वहीत टिपला, "वाईट नाही" म्हणाला आणि मग जरा चाचरला.

"एक विनंती होती. मला रोज इकडे यायला जमत नाही. तुम्ही दिवसभर घरीच असता. कुणी बघायला आलं तर तेवढं दाखवाल का?"

"म्हणजे माझ्याच ताटातलं मी लोकांना वाढायचं?"

"नाही म्हणालात तरी चालेल."

बाइंडर नाही म्हणाला नाही. कोण येतंय, कोण जातंय, निदान डोळ्यांसमोर राहील, असा त्याने विचार केला.

पहिलं जोडपं आलं. त्यांना त्याने सगळं घर सरळपणे दाखवलं. दोघं खोलीखोलीतून "वा! वा!" करत फिरली आणि दर वेळी बाइंडरने त्यांना घाईने पुढच्या खोलीत नेलं. त्यानंतर एक औषधविक्रेता आला. त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटाने टकटक करून विचारलं, "ओल येते का हो?"

तीन वर्षांपूर्वी येत होती. पाइप बदलल्यापासून भिंत कोरडीठाक होती.

"येते की," बाइंडर म्हणाला.

औषधविक्रेत्याने हातातला टेप गुंडाळून खिशात टाकला. एवढं सोपं असेल असं बाइंडरला वाटलं नव्हतं. मग त्याची जीभ सैल सुटली. कुणाला छप्पर गळतं म्हणून सांगितलं, कुणाला शेजारी भांडकुदळ म्हणून. शेजारी बिचारे दोन्ही कानांनी बहिरे, ते कुणाशी कशाला भांडतात!

बायको आत शिवत बसलेली असायची. एकदा ती म्हणाली, "अहो, आज छप्पर गळत होतं म्हणे. बादली कुठे ठेवू?"

तो पुढच्या खोलीत जाऊन पुठ्ठा कापू लागला. तिनेही विषय तिथेच सोडला. तिलाही घर हवंच होतं.

मग पोस्टातल्या बाई आल्या. टपाल कचेरीत खिडकीवर बसणाऱ्या, चाळिशीच्या, एकट्या. सोबत म्हातारे वडील. वडिलांना हाताला धरून बाईंनी पुढचा उंबरा ओलांडवला. म्हातारा थेट मागच्या दारी गेला आणि पायरीवर उन्हात जाऊन बसला. सध्या ती दोघं तिसऱ्या मजल्यावर राहत होती; सहा महिन्यांत म्हाताऱ्याने जमिनीला पाय लावला नव्हता.

"बाबा, उठा, अजून घर बघायचंय," बाई म्हणाल्या.

"तू बघ. मी बघितलं," म्हातारा म्हणाला.

बाई हसल्या. त्या हसण्यानेच बाइंडर घाबरला. ही बाई घर घेणारच, हे त्याला लख्ख दिसलं. वरच्या मजल्यावर त्याने आढ्याच्या मोठ्या तुळईकडे बोट दाखवलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सांगू नये, पण सांगतो. आतून वाळवीने पोखरलीय. वरून काही दिसत नाही. कधी खाली येईल नेम नाही."

बाई कितीतरी वेळ तुळईकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फार आभारी आहे तुमची. विकणारे असलं कशाला सांगतील? तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. बाबांना घेऊन राहायचं म्हणजे..."

म्हाताऱ्याला पायरीवरून उठवायला त्यांना बराच वेळ लागला.

त्या दिवसापासून बाइंडरचं जेवणात लक्ष लागेना. शिलाईत पानं उलटीसुलटी व्हायला लागली. एक जमाखर्चाची वही त्याने डोकं खाली पाय वर अशी बांधून टाकली आणि पुन्हा उसवत बसला.

महिना संपायला पाच दिवस राहिले असताना एजंट आला. आवाज चढवला नाही, काही नाही. पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसला आणि पाणी मागितलं.

"पहिल्या जोडप्याला दुसरीकडे घर मिळालं, बाकी सगळ्यांनी माघार घेतली," तो म्हणाला.

बाइंडरच्या मनात क्षणभर लाडू फुटले.

"माघारीची कारणं मालकीणबाईंपर्यंत पोचली: तुळई गेलीय, भिंतीत पाणी आहे. त्या म्हणाल्या, मग घर म्हणून कशाला विकता? जागेच्या भावात काढून टाका. एकजण तयार आहे. पाडून तो गाळे बांधणार. तुमच्यापेक्षा थोडा जास्तच देतोय."

"पण तुळईला काही झालेलं नाही!"

"ठाऊक आहे मला. स्क्रूड्रायव्हर टोचून बघितलाय मी. दगडासारखी आहे."

"मग सांगायचं नाही का लोकांना?"

"सांगितलं की. एजंटचं कोण खरं मानतो? घरात राहणाऱ्याचं मानतात." पेला खाली ठेवून तो पहिल्यांदाच बाइंडरच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "ज्याला पाडायचंच आहे, त्याला वाळवीची कसली भीती?"

तो गेल्यावर बायको दारात येऊन उभी राहिली. तिने सगळं ऐकलं होतं.

"आपल्याला आता मिळत नाहीच," ती म्हणाली. "पोस्टात जाऊन या."

"काय तोंडाने जाऊ?"

"ज्या तोंडाने वाळवी लावलीत त्याच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टपाल कचेरीत रांगेत उभा राहिला. नंबर आला तेव्हा जाळीपलीकडे बाईंनी मान वर न करताच विचारलं, "काय पाठवायचंय?"

"मी खोटं बोललो. तुळई चांगली आहे."

मागून कुणीतरी "चला हो लवकर" म्हणालं. बाईंचा हात शिक्क्यावर तसाच राहिला. "एक वाजता सुट्टी होते. बाहेर थांबा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाचं पार्सल घेतलं.

तीन तास तो बाहेर उभा होता. एक वाजता बाई डबा न उघडताच आल्या.

"आणखी काय काय खोटं सांगितलंत?"

त्याने एकेक सांगितलं. खरे दोषही सांगितले: मागचं दार फुगतं, न्हाणीचा नळ ठिबकतो, वरच्या खिडकीची एक बिजागरी गेलीय. बाईंनी एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर सगळं लिहून घेतलं.

"मी घर घेतलं तर तळमजला मला बाबांसाठी लागेल. तुम्हाला तिथे राहता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग का आलात?"

घर पाडलं जाऊ नये म्हणून, असं उत्तर तो वाटेत घोकून आला होता. पण त्यात आपण फारच थोर दिसतो, हे त्याचं त्यालाच जाणवलं. "त्या दिवशी तुम्ही माझे आभार मानलेत," तो म्हणाला. "तेव्हापासून घास उतरत नाही."

"बाबा सारखे त्या पायरीबद्दल विचारतात. मी त्यांना सांगितलं, ते घर पडणार आहे." त्यांनी कागदाची घडी घातली. "मी तुम्हाला माफबीफ केलेलं नाही. एवढं लक्षात ठेवा."

पुढचे चार दिवस धावपळीचे गेले. एजंटने इंजिनिअर आणून तुळई तपासून घेतली, लेखी दाखला मालकिणीला धाडला. बाईंनी आपले दोन दागिने मोडले आणि गाळेवाल्याच्या वर आकडा नेला. मालकीण म्हणाली, काकांचं घर उभं राहत असेल तर बरंच आहे. घर बाईंना मिळालं.

बाइंडरला दोन महिन्यांची मुदत होती. एजंटनेच चार गल्ल्या सोडून एक जागा बघून दिली, कमिशन घेतलं नाही. मशीन हलवायला सहा माणसं लागली. सातवा एजंट, जुना शर्ट घालून आलेला. नवी जागा अंधारी होती, भर दुपारी दिवा लावावा लागे. पहिल्या संध्याकाळी बायको पडद्याला दोरी ओवता ओवता म्हणाली, "बोललात तुम्ही, पण ऐकून गप्प मी बसले. तेव्हा सगळं एकट्याच्या डोक्यावर घेऊन फिरू नका." मग ती त्याच्याकडे पाठ करून बराच वेळ रडली. त्याने दोरीचं दुसरं टोक धरून ठेवलं.

महिन्याभराने त्याला एका गिऱ्हाइकाच्या वह्या रजिस्टरने पाठवायच्या होत्या. दुसरं पोस्ट लांब होतं, तरी तिकडे जावं असं त्याला फार वाटलं. शेवटी तो बाईंच्याच खिडकीसमोर रांगेत उभा राहिला. बाईंनी पार्सल तोललं, तिकिटं चिकटवली, शिक्का मारला. त्याने धीर करून विचारलं, "बाबा बरे आहेत?"

बाईंनी पार्सल मागच्या टोपलीत ठेवलं. मग म्हणाल्या, "पावती हवी का?"

"हो."

घरी येऊन त्याने बायकोला हे जसंच्या तसं सांगितलं. बायकोने दाताने दोरा तोडला.

"बोलल्या ना?" ती म्हणाली. "पुष्कळ झालं."